उसने दिलेले बेस कॅबिनेट बिघडून परत आले: बिघाड कसा शोधावा आणि खर्च कुणी सोसावा?

मंद्रसप्तक

नमस्कार. माझ्याकडे चार दहा इंची स्पीकर आणि एक हॉर्न (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) असलेले, आठ ओहमचे बेस कॅबिनेट, म्हणजे बेस गिटारची स्पीकरपेटी, आहे. नऊ वर्षे ते माझ्याच वापरात आहे आणि एवढ्या काळात त्याने एकदाही दगा दिलेला नाही. मागच्या आठवड्यात एका वादक मित्राला एका कार्यक्रमापुरते ते उसने दिले. परत आले तेव्हा मागचा खालचा कोपरा चेपलेला दिसला आणि तेव्हाच मनात पाल चुकचुकली; परंतु मित्र समोर उभा होता, कार्यक्रम उत्तम झाल्याचे आनंदाने सांगत होता, म्हणून मी काही बोललो नाही.

रात्री जोडून वाजवले, तर आवाज नेहमीच्या निम्माही वाटेना. ई तारेवरचे खालचे स्वर फाटतात आणि जोरात वाजवले की मधूनच तडतड होते. वरचे स्वर मात्र स्वच्छ आहेत. पुढची जाळी काढून पाहिली. स्पीकरचे चारही कोन (पुढचे हलणारे कागदी पडदे) हलत आहेत, कुठेही चीर नाही, म्हणजे स्पीकर शाबूत असावेत असा माझा समज झाला आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बिघाड शोधायला सुरुवात कोठून करावी, आणि दुरुस्तीचा खर्च मित्राकडे मागणे रास्त होईल का? दुसरा प्रश्न मला पहिल्याहून अधिक छळतो आहे.

चार_तारा

कॅबिनेटवर आळ घेण्याआधी बाकीचे सगळे बाजूला काढा. तुमच्या अँपला (अँप्लिफायरला) दुसरे चांगले कॅबिनेट जोडून पाहा आणि हे कॅबिनेट दुसऱ्या अँपवर वाजवून पाहा. मधली केबलही बदला. कॅबिनेटसोबत केबल दिली होती का, आणि दिलेलीच परत आली का, हे नीट तपासा. गिटारची केबल आणि स्पीकरची केबल यांना अनेकदा एकसारखेच प्लग असतात, त्यामुळे घाईत अदलाबदल सहज होते. गिटारच्या केबलमधली आतली तार अगदी बारीक असते. अँपच्या पूर्ण ताकदीचा प्रवाह तिच्यातून गेला की ती तापते, आवाज दबतो आणि शेवटी आतल्या आत तारा एकमेकींना टेकून अँपलाही धोका होतो.

खर्जवेडा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सरळ दिसते. देताना धडधाकट होते, परत आले ते बिघडून. मधल्या काळात ज्याच्या ताब्यात होते त्याने दुरुस्त करून द्यावे.

कथिलाचा_डाग

मंद्रसप्तक, "चारही कोन हलत आहेत, म्हणजे स्पीकर शाबूत आहेत" हा निष्कर्ष तेवढा मागे घ्या. या समजामुळे अनेकांचे दिवसचे दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत.

चारही स्पीकर एकाच पेटीत असतील आणि आत वेगळे कप्पे करणारी फळी नसेल, तर त्यांच्या मागची हवा सामाईक असते. त्यांतला एखादा विजेच्या दृष्टीने पूर्ण मेलेला असला, तरी इतर स्पीकर आतली हवा दाबतात आणि ओढतात, आणि त्या हवेच्या रेट्याने मेलेल्याचा कोनही हलतो. डोळ्यांना तो जिवंत वाटतो. प्रत्यक्षात तो उलट दिशेने हलून बाकीच्यांची मेहनत वाया घालवत असतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, मल्टीमीटर घ्या.

कॅबिनेट अँपपासून पूर्ण सोडवा, मीटर सर्वांत खालच्या ओहम पल्ल्यावर ठेवा, दोन्ही टोके एकमेकांना टेकवून मीटरच्या तारांचाच रोध किती दिसतो ते टिपून घ्या आणि मग कॅबिनेटच्या जॅकवर मोजा. आठ ओहमचे कॅबिनेट मीटरवर आठ दाखवत नाही, कारण आठ हा आकडा बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा आहे आणि मीटर मोजतो तो तारेचा निव्वळ रोध. तो साडेपाच ते सातच्या दरम्यान आला तर स्पीकर आणि जोडणी विजेच्या दृष्टीने ठीक आहेत. बारा-तेराच्या आसपास आला तर अर्धे कॅबिनेट बंद आहे. हॉर्न मात्र या मोजणीत दिसणारच नाही, कारण त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि मीटरचा एकदिश प्रवाह त्यातून पुढे जात नाही. हॉर्न वेगळा तपासावा लागेल.

आणि हो, वाजवून झाल्या झाल्या मोजू नका. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. थंड असताना ५.९ ओहम असलेली कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) २०० अंशांनी तापली की साडेदहाच्या घरात जाते. निवू द्या, मग मोजा.

खर्जवेडा

एक स्पीकर गेला तर अर्धे कॅबिनेट कसे बंद पडेल? चारांतला एकच बंद पडायला हवा ना?

कथिलाचा_डाग

प्रश्न योग्य आहे. आठ ओहमच्या चार स्पीकरांपासून पुन्हा आठ ओहमचेच कॅबिनेट करायचे, तर दोन-दोन स्पीकर एकामागे एक जोडून सोळा ओहमच्या दोन जोड्या करतात आणि त्या जोड्या समांतर जोडतात. जोडीतल्या एकाची तार तुटली की त्याच्या जोडीदाराचाही प्रवाह थांबतो, मग तो जोडीदार कितीही ठणठणीत असो. उरलेल्या एका जोडीमुळे अँपला आठऐवजी सोळा ओहम दिसतात. पडताळा म्हणून १.५ व्होल्टची बॅटरी, तिचे धन टोक जॅकच्या धन टोकाला येईल अशी, क्षणभर टेकवा. जिवंत जोडीचे कोन बाहेर उडी घेतील आणि मेलेल्या जोडीचे किंचित आत ओढले जातील. अंगठ्याएवढ्या हालचालीची अपेक्षा धरू नका. प्रकाश तिरपा पाडून पाहिलेत तर ती दिसेल.

नादलुब्ध

मीटर हाती येईपर्यंत कान वापरता येतील. बिघडलेला स्पीकर कोणता आवाज करतो हे सांगायला आपल्या भाषेत इतके नेमके शब्द आहेत की ते काळजीपूर्वक वापरले तर निम्मे निदान तिथेच होते.

तडतड ही सुटलेल्या किंवा मधूनच टेकणाऱ्या जोडणीची असते. खरखर म्हणजे बहुतेक वेळा कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. वीज बंद ठेवून दोन्ही हातांची बोटे कोनाच्या मधल्या टोपीभोवती सारख्या अंतरावर ठेवली आणि कोन अलगद आत दाबला, तर हीच खरखर बोटांनाही जाणवते, जणू आत वाळू आहे. फरफर ऐकू आली तर कोनाची कड बास्केटपासून (स्पीकरच्या धातूच्या सांगाड्यापासून) सुटली असेल किंवा कागदाला चीर गेली असेल. खडखड ही लाकूड आणि लोखंडाची तक्रार आहे: सैल स्क्रू, सैल जाळी, हँडल, चाक. टकटक सर्वांत गंभीर, कारण तेव्हा कॉइल आपल्या हालचालीच्या शेवटाला जाऊन मागच्या लोखंडावर आपटत असते. ती ऐकू येताच वाजवणे थांबवावे.

मंद्रसप्तक, तुम्ही "तडतड" हा शब्द सहज लिहिला असेल, पण तो विचारपूर्वक लिहिला असेल तर माझा संशय जोडणीवर आहे.

चार_तारा

माझा संशय वेगळा आहे. मित्राने लहान अँप शेवटपर्यंत पिळून वाजवला असेल. कमी ताकदीच्या अँपने स्पीकर जळतात, हे मी कित्येक वर्षे ऐकत आलो आहे.

कथिलाचा_डाग

हे अर्धसत्य आहे. अँप लहान असणे हा काही स्पीकरच्या जिवावर उठणारा गुन्हा नाही; लहान अँप त्याच्या मर्यादेत वाजवला तर स्पीकरला काहीही होत नाही. अँप मर्यादेपलीकडे रेटला की तरंगाचे शेंडे कापले जातात, त्यामुळे सरासरी ताकद वाढते आणि वरच्या वारंवारतेचा माराही वाढतो. त्याचा पहिला फटका बहुधा हॉर्नला बसतो, दहा इंची स्पीकरांना नाही. इथे तक्रार खालच्या स्वरांची आहे, आणि कॉइल जळाली असती तर लाख जळाल्याचा उग्र वास पोर्टजवळ, म्हणजे पेटीच्या हवा ये-जा करणाऱ्या भोकाजवळ, नाक नेल्यावर आला असता. मंद्रसप्तक, तसा वास येतो का?

लाकडी_पेटी

मी पेट्या बनवतो आणि दुरुस्तही करतो, त्यामुळे माझे लक्ष त्या चेपलेल्या कोपऱ्याकडे गेले. मागचा कोपरा चेपला, म्हणजे कॅबिनेट मागच्या अंगावर पडले किंवा आपटले असण्याची शक्यता आहे. स्पीकरच्या मागचा सिरॅमिक चुंबक जड असतो आणि पुष्कळ स्पीकरांत तो केवळ गोंदाने चिकटवलेला असतो. जोराचा धक्का बसला की तो केसभर सरकतो, कॉइलभोवतीची फट एका बाजूला अरुंद होते आणि कॉइल घासू लागते. असा सरकलेला चुंबक घरी हातोडीने ठोकून सरळ करण्याचा मोह कृपया टाळा.

पेटीही पाहा. चारही बाजूंचे सांधे बोटांच्या पेरांनी ठोकत जा. जिथे आवाज पोकळ आणि किरकिरा येतो तिथे गोंद सुटला आहे असे समजा. जॅकची पट्टी, हँडल आणि स्पीकरच्या कडा इथून हवा गळते का, हे टिश्यू पेपरची अरुंद पट्टी समोर धरून आणि एक सलग खालचा स्वर वाजवून कळते. स्पीकर काढताना स्क्रूंच्या मागे लाकडात ठोकलेली दातेरी नट असते, तिच्याकडे लक्ष ठेवा. एखादी निघून पेटीत पडलेली असेल, तर चुंबकाने ती ओढून घेतलेली असते आणि तुम्ही आठवडाभर भलतीकडेच शोधत राहता.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. केबल आणि अँप बदलून पाहिले, तक्रार तशीच राहिली. वास येत नाही. मीटरच्या तारांचा रोध ०.३ आणि कॅबिनेटचा १२.१, म्हणजे वजा जाता ११.८ ओहम. बॅटरी टेकवल्यावर वरचे दोन कोन बाहेर आले आणि खालचे दोन किंचित आत गेले. जे कोन हलताना पाहून मी निश्चिंत झालो होतो, ते दोन्ही बंद होते.

आज खालचे दोन्ही स्पीकर बाहेर काढले. डावा ५.९ दाखवतो. उजव्यावर मीटर काहीच दाखवेना. पण मीटरची टोके लावलेली असतानाच कोन जरासा आत दाबला, तर आकडा ५.९ वर आला आणि बोट उचलताच पुन्हा गेला. असे मी दहा-बारा वेळा करून पाहिले, दर वेळी तसेच झाले.

कथिलाचा_डाग

मग कॉइल जिवंत आहे आणि बिघाड तुमच्या डोळ्यांसमोर आहे. टर्मिनलपासून कोनापर्यंत हवेत झोल घेऊन जाणारी वेणीसारखी लवचिक तार पाहा. ती सुती धाग्याभोवती तांब्याच्या अतिशय पातळ पट्ट्या गुंडाळून विणलेली असते, आणि दर सेकंदाला कित्येक वेळा वाकत राहणे हेच तिचे आयुष्यभराचे काम असते. ती बहुधा दोनच ठिकाणी तुटते: टर्मिनलवरचा कथिलाचा डाग जिथे संपतो तिथे, किंवा ती कोनाच्या कागदात शिरते तिथे. धागा शाबूत असल्यामुळे तार वरून अखंड दिसते. चिमट्याने अलगद हलवत मीटर पाहा.

मंद्रसप्तक

टर्मिनलच्या बाजूलाच आहे. भिंग धरून पाहिले. डागाच्या कडेपाशी तांबे तुटून काळपट पडले आहे आणि तार फक्त धाग्यावर लोंबकळते आहे.

लाकडी_पेटी

तुटलेल्या टोकाचा रंग महत्त्वाचा आहे. काळपट पडले आहे, याचा अर्थ त्यातले काही पदर पूर्वीच तुटलेले असणार. दोन दिवसांपूर्वीच्या ताज्या तुटीचे तांबे चकचकीत दिसले असते.

खर्जवेडा

तरीही शेवटचा पदर मित्राच्याच हातून तुटला ना? आणि कोपरा तर त्याच्याच ताब्यात असताना चेपला, हे कुणी नाकारणार नाही.

मध्यलय

मी या प्रसंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले आहे, म्हणून लिहिते. एका ज्येष्ठ वादकाचे कॅबिनेट मी उसने घेतले होते आणि तिसऱ्याच गाण्यात त्यातला एक स्पीकर बंद पडला. मी काहीही वावगे केले नव्हते, पण ते सिद्ध करायला माझ्याकडे एकही पुरावा नव्हता, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कॅबिनेट परत नेले, तेव्हा काय झाले आणि कोणत्या गाण्यात झाले ते आधी स्वतःहून सांगितले. त्यांनी पैशांचा विषय काढलाच नाही. पेटी माझ्यासमोर उघडली आणि आम्ही दोघांनी मिळून बिघाड पाहिला. मी निम्मा खर्च दिला आणि त्यांनी तो मोकळेपणाने घेतला.

मंद्रसप्तक, तुमच्या मित्राला बोलावून घ्या आणि ती तार भिंगातून दाखवा. "तू काय केलेस" असे विचारण्यापेक्षा "त्या दिवशी आवाजात काही फरक जाणवला का" असे विचारलेत, तर खरी हकिगत कळण्याची शक्यता जास्त आहे. आणि त्याने पाच तारांचा बेस वाजवला होता का, हेही विचारा.

चार_तारा

पाच तारांचा काय संबंध?

नादलुब्ध

चार तारांच्या बेसची सर्वांत खालची ई तार ४१.२ हर्ट्झवर असते, पाचवी बी तार ३०.९ वर. पोर्ट असलेली पेटी एका ठराविक वारंवारतेला जुळवलेली असते. त्या वारंवारतेच्या आसपास पोर्टमधली हवाच बहुतेक काम करते आणि कोन फारसा हलत नाही. तिच्या खाली गेले की पेटीतल्या हवेचा आधार सुटतो आणि कोन भराभर जास्त हलू लागतो, ऐकू मात्र फारसे येत नाही. पूर्ण बंद पेटीत हा आधार असा एकाएकी सुटत नाही. अँपच्या आधी खालची वारंवारता कापणारा फिल्टर असेल तर ही पळापळ थांबते. मध्यलय यांचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

मंद्रसप्तक

मित्र काल येऊन गेला. बेस चार तारांचाच होता. मी मध्यलय यांच्या शब्दांत विचारले आणि त्याने क्षणभरही न घुटमळता सांगितले, की कार्यक्रमाच्या उत्तरार्धात आवाज एकदम बसल्यासारखा वाटला, म्हणून त्याने अँपचा व्हॉल्यूम बराच वाढवला. कॅबिनेट परत गाडीत चढवताना एका बाजूने हातातून निसटले, हेही त्याने सांगितले आणि त्या दिवशीच न सांगितल्याबद्दल त्याला वाईट वाटत होते.

कथिलाचा_डाग

म्हणजे सगळा घटनाक्रम जुळतो. तार कार्यक्रमाच्या उत्तरार्धात सुटली, कॅबिनेट पडले त्याच्या आधी. दोन स्पीकर बंद झाल्यावर आवाज बसला. व्हॉल्यूम तोच ठेवला असता तर उरलेल्या दोघांवर वेगळा भार आला नसता, कारण प्रत्येकाला मिळणारे व्होल्टेज तेच राहते. पण तो वाढवला गेला, आणि त्याच वेळी बंद पडलेले दोन कोन पेटीतल्या हवेला हवे तसे हलू देत होते, त्यामुळे वरच्या दोन स्पीकरांना ओढूनताणून काम करावे लागले. खालचे स्वर फाटले ते तिथे. तार जोडल्यावर वरचे दोन स्पीकर विसरू नका. नादलुब्ध यांनी सांगितलेली बोटांची परीक्षा त्यांच्यावर करा.

तार जोडताना दोन पथ्ये पाळा. साध्या तारेचा तुकडा लावू नका, ती वाकून वाकून काही दिवसांतच तुटेल. स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडून त्याच जातीची वेणीची तार घ्या. डाग देताना तार टर्मिनलपासून थोड्या अंतरावर चिमट्यात धरा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाईल आणि कथिल वेणीतून वर चढणार नाही. कथिल चढलेली वेणी कडक होते आणि नेमकी त्याच जागी तुटते. झोल पहिल्या तारेइतकाच ठेवा: कमी ठेवलात तर ताणली जाईल, जास्त ठेवलात तर कोनावर आपटून टपटप आवाज करील.

खर्जवेडा

मी पहिल्या प्रतिसादात घाईने मत दिले होते, ते आता मागे घेतो. तार जुनी झाली होती, तिचा खर्च मालकाचाच. कोपऱ्याबद्दल माझे मत कायम आहे.

मंद्रसप्तक

दोन्ही तारा बदलल्या. कॅबिनेट आता वजाबाकी करून ५.९ ओहम दाखवते आणि बॅटरी टेकवल्यावर चारही कोन एकाच वेळी बाहेर येतात. ३० ते २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा स्वर मध्यम आवाजात सोडून ऐकला. फाटणे गेले, तडतड गेली. साधारण ७० च्या आसपास खडखड ऐकू आली, ती चेपलेल्या कोपऱ्याच्या पत्र्याची निघाली. हॉर्न स्वच्छ आहे.

वरचा डावा स्पीकर मात्र बोटांच्या परीक्षेत उतरला नाही. कोन शेवटापर्यंत दाबला की अगदी पुसट खरखर जाणवते. वाजवताना अजून ऐकू येत नाही, पण मी तो नवा कोन आणि कॉइल बसवायला दिला आहे. त्याचा खर्च आम्ही निम्मा-निम्मा करायचे ठरले, आणि ही गोष्ट मित्रानेच सुचवली. कोपऱ्याचा नवा पत्रा तो स्वतः घेऊन आला आणि बसवूनही गेला.

लाकडी_पेटी

पत्रा बसवण्याआधी खालचा लाकडी सांधा पाहिला होता का? सांधा सुटलेला असेल तर खडखड काही दिवसांनी परत येईल.

मंद्रसप्तक

पाहिला. बोटभर लांबीची फट होती. गोंद भरून रात्रभर शिकंजात आवळून ठेवला आणि मगच पत्रा लावला. जाळी बसवण्याआधी उरलेल्या स्पीकरांच्या वेण्याही भिंगाखाली पाहिल्या, तर वरच्या उजव्या स्पीकरच्या एका तारेचे दोन पदर डागाच्या कडेशी सुटलेले दिसले. तीही आजच बदलतो आहे.